गजू अनवाणी चालायचा

गजू, तुझ्या तेरवीला मी बगीच्यात बूट घालून गेले.

चांगले बंद, नाडीचे बूट. आत मोजे, आणि मोज्यांत खोचलेली सलवारीची टोकं. बांधावरच्या निंबाखाली आपल्या घरच्यांच्या चपला निघतात, तिथं त्या दिवशी पाहुण्यांच्याही निघाल्या. माय सगळ्यांच्या पुढं होती. तुझ्या फोटोपुढं ठेवायला तिला तुझ्या झाडाची चार संत्री तोडायची होती. मी निंबाखाली थांबले नाही हे तिच्या लक्षात आलं. वळून म्हणाली, "बूट काढ वं."

"राहू दे, माय."

"काहून? बगीच्यात बूट?"

"पाय दुखून राहिले," मी म्हटलं.

खोटं. पाय ठणठणीत होते. मी घाबरले होते. झाडं फळांनी वाकली होती, संत्र्यांनी रंग धरला होता, लोक वर पाहून तुझं नाव काढत होते आणि मी खाली पाहत होते, बुंध्यांभोवतीच्या आळ्यांतल्या ओल्या काळ्या मातीकडं. याच मातीत आपण दोघं लोळून मोठे झालो. तिथं विंचू निघाला, साप निघाला, तरी मी कधी त्या मातीला भ्याले नव्हते. विंचू दिसतो तरी. आता बुटावर चिखलाचं एक ढेकूळ चढलं आणि मी वेड्यासारखी पाय झटकत राहिले. काकूंनी विचारलं, काय चावलं का गं. मी नाही म्हटलं.

आपल्याकडं बगीच्यात चप्पल घालत नाहीत. विचारलं तर लोक सांगतात, लक्ष्मी आहे. बाबा मात्र लक्ष्मीचं नाव घेत नसत. त्यांचं एकच म्हणणं, "ओल पायाले समजते, डोयाले नाई समजत." ते तुला समजलं आणि मला फक्त अनवाणी चालता आलं. ताणावर सोडलेल्या, म्हणजे मुद्दाम पाणी तोडलेल्या झाडांना पहिलं पाणी द्यायचे दिवस आले की तू एकेका आळ्यात जाऊन नुसता उभा राहायचास. तळवा टेकवून, मान थोडी तिरपी करून. मग म्हणायचास, "आहे अजून. मोटर नोको लावू." आजूबाजूचे बगीचेवाले तुला मोटरसायकलवर बसवून न्यायचे, त्यांच्या जमिनीत उभं राहायला. तू जाऊन उभा राहायचास, दोन शब्द सांगायचास आणि चहा पिऊन परत यायचास.

आणि मी शाळामास्तरीण. नागपुरात तीस वर्षं पोरांना दर सोमवारी नखं दाखवायला लावते, चप्पल न घालता मैदानात गेलेल्यांना वर्गाबाहेर उभं करते. तुझ्यासाठी गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट मीच घेऊन आले होते. तू ते हातात घेऊन इतका वेळ पाहिलेस की मला वाटलं आवडले. पुढच्या खेपेला आले तर मोटरच्या खोलीत ठेवलेले, एकात नट-बोल्टचे पाने आणि दुसऱ्यात वायरीचे तुकडे. आपलं त्यावरून जे भांडण सुरू झालं ते दर दिवाळीला आणि दर उन्हाळ्यात होत राहिलं. म्हणजे भांडायची मी. तू एकदाच उत्तर दिलंस. "ताई, बूट घातले का मी आंधळा होतो वं."

खरं तर तुला उत्तर द्यायची संधी मी फारशी दिलीच नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी तुझं नाव विचारलं तेव्हा तिसरीतल्या मीच उभी राहून सांगितलं. गुरुजी म्हणाले, मुका आहे का हा? मी म्हटलं, नाही, लाजतो. तिथून जे सुरू झालं ते बँकेत, तलाठ्याकडं, खताच्या दुकानात, सगळीकडं चाललं. तुझ्यासाठी तीन मुली पाहिल्या आणि तिन्ही ठिकाणी प्रश्न तुला, उत्तरं माझी. तिसरीनं धीर करून तुलाच विचारलं होतं, तुम्हाला काय आवडतं म्हणून. मी म्हटलं, त्याला सगळं चालतं. तिचे वडील हसले. म्हणाले, "लग्न पोराशी लावाचं आहे का त्याच्या बहिणीशी?" परत येताना एसटीत तू काटोल येईपर्यंत तोंडावर रुमाल धरून हसत होतास. मुलगी नाही म्हणाली. नंतर तू लग्नाचा विषयच काढू दिला नाहीस, आणि मला एका शब्दानं कधी दोष दिला नाहीस. दिला असतास तर बरं झालं असतं, निदान मला गप्प बसायची सवय लागली असती.

मानेजवळ गाठ आली तेव्हाही तू दोन महिने बोलला नाहीस. मायनं फोन केला म्हणून मी येऊन तुला उचलून नागपूरला आणलं. लिम्फोमा आहे, गाठींचा कॅन्सर, लवकर सापडला आहे, किमोनं बरा होतो, असं डॉक्टर म्हणाले आणि मी घरी येऊन देवापुढं रडले. त्या वेळी मला वाटत होतं की याहून मोठी भीती नसते.

किमो सुरू करण्याआधीची ती सकाळ मी रोज पाहते, गजू. दवाखान्याच्या दाराशी फरशी पुसणाऱ्या बाईनं तुझ्या पायांकडं पाहून म्हटलं होतं, "ओ भाऊ, गावाकडची माती बाहेरच झटका." तुझ्या पायांत मीच घेतलेले नवे सँडल होते. माती त्यांना लागलेली नव्हती. ती तुझ्या टाचांच्या भेगांत होती, काळ्या रेघांसारखी, कितीही घासलं तरी न जाणारी. तू मान खाली घालून पाय पुसलेस. मला मात्र ते वाक्य अंगभर झोंबलं होतं आणि आत जाईपर्यंत मी फणफणत होते.

आत डॉक्टर मॅडम होत्या. वयानं लहान, पण घाई नसलेल्या. एकेक प्रश्न विचारून फाइलमध्ये लिहीत होत्या. घरात जनावरं आहेत का, पाणी विहिरीचं का, कावीळ कधी झाली का. मग त्यांनी पेन थांबवून तुझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "शेतात अनवाणी चालता का? कमरेवर, मांडीवर कधी खाजेची रेघ उठते का, सरकत जाणारी?"

तू घसा खाकरलास. तुला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतोच, ते मला ठाऊक आहे. जगात सगळ्यांत जास्त मलाच ठाऊक आहे.

मी म्हटलं, "नाही हो, मॅडम. अनवाणी कशाला चालेल? बूट घालतो. मीच घेऊन दिलेत."

त्यांनी लिहिलं, नाही. तू तुझे पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतलेस. ते मी पाहिलं. माझ्याकडं एकदा पाहिलंस, आणि मला तेव्हा वाटलं की तू हसलास. पुढचा प्रश्न आला. त्या हा प्रश्न कशासाठी विचारत आहेत, एवढं जरी मी विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. पण तो मला दारातल्या त्या बाईच्या वाक्याचाच पुढचा भाग वाटला. खेड्यातले, अनवाणी, खाजवणारे. माझा भाऊ तसा नाही, एवढंच मला सिद्ध करायचं होतं.

मग मी माझ्या घराचा किल्ला केला. तुझी खोली फिनाइलनं दोनदा पुसायची, पाणी घड्याळ लावून उकळायचं, तुझं ताट वेगळं, तुझा पेला वेगळा. काकडी बंद, कोथिंबीर बंद, बाहेरचा माणूस बंद. गॅलरीत येणाऱ्या मांजरीला मी काठी घेऊन हाकललं. तुझे भाऊजी ऑफिसातून आले की त्यांना मोरीत हातपाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकू देत नव्हते. माय एसटीनं आली, पिशवीभर संत्री घेऊन, तर तिलासुद्धा मी मास्क लावून दाराशी बसवलं.

"तुया भावाले खाऊ दे एखादं. घरचं आहे," ती म्हणाली.

मी त्यातलं एक मिठाच्या पाण्यात धुतलं, मग गरम पाण्यात धुतलं, पुसून टेबलावर ठेवलं आणि तरी तुला दिलं नाही. तू टेबलाजवळ बसून त्याच्याकडं पाहत होतास. "ताई, त्याले तं साल आहे वं." मी म्हटलं, किमो संपू दे, मग पोतंभर खा. तू ते संत्रं हातात घेतलंस, हुंगलंस आणि परत ठेवलंस. आठ दिवसांनी ते सुकलं तेव्हा मी फेकलं.

मी दार धरून बसले होते, गजू, आणि ते केव्हाचं आत आलेलं होतं. तुझ्यासोबत, तुझ्याच आतून.

पण त्या पहिल्या किमोनंतरचे पाच दिवस माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. सकाळच्या नाश्त्यानंतर तुला पांढऱ्या गोळ्या होत्या, पाच दिवसांच्या. स्टेरॉइड. त्यांनी तुला भूक लागली आणि तुझं तोंड उघडलं. माझा हा घुम्या भाऊ स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसला आणि बोलतच सुटला! कोणतं झाड बाबांनी लावलं, कोणतं तू. तिसरी मुलगी तुला आवडली होती. मी लग्न होऊन नागपूरला गेले त्या दिवशी तू मोटरच्या खोलीत जाऊन मोटर चालू करून रडलास, आवाज कोणाला जाऊ नये म्हणून. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते, हसत होते, डोळे पुसत होते. आयुष्यभराचं बोलणं तू मला त्या पाच दिवसांत दिलंस. आणि त्याच गोळ्यांनी तुझ्या आतलं दार उघडलं, हे मला कळलं तेव्हा तू बोलू शकत नव्हतास.

चौथ्या दिवशी तू कमर खाजवत होतास. मी विचारलं, काय झालं?

"काही नाई वं. ते नेहमीचंच. रेघ निंगते कमरेपाशी, वळवळ करत सरकते, उद्यापरवा गायब होते. बाबालेबी होती. मायलेबी आहे. मातीत राहणाऱ्याले निंगतेच."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मॅडमचा प्रश्न मला शब्दाशब्दानं आठवला. इथं मी भाबडी नव्हते, हे मला लिहूनच ठेवायचं आहे. मला कळलं होतं की काहीतरी सांगायचं राहिलं आहे. मी ठरवलं, पुढच्या वेळी सांगू.

पुढच्या वेळी मी मानेवाड्याच्या घरापासून दवाखान्यापर्यंत ऑटोत वाक्य जुळवत गेले. 'मॅडम, मागच्या वेळी माझ्याकडून जरा चुकीचं सांगण्यात आलं.' पाहा, खोटं कबूल करतानाही 'सांगण्यात आलं'. आत गेलो तर मॅडम खुशीत होत्या. तुझ्या मानेवर बोटं फिरवून म्हणाल्या, छान, गाठ विरघळते आहे. कॅन्सर हरत होता, गजू. अशा वेळी मी मध्येच कुठं अनवाणी पायांचं काढू? त्या काय म्हणतील, शिकली-सवरलेली बाई खोटं बोलली? मी वाक्य गिळलं. तू माझ्याकडं पाहत होतास. तू घसा खाकरलास का तेव्हा? मला आठवत नाही. खूप आठवून पाहते, पण आठवत नाही.

तिसऱ्या किमोनंतर तुझं पोट फुगलं. मी ओवा दिला, हिंग लावला. मग खोकला सुरू झाला आणि मला वाटलं हवा बदलली आहे. मग एका दुपारी तू सदरा वर करून दाखवलास. बेंबीभोवती जांभळे डाग उठले होते, कोणीतरी अंगठे दाबल्यासारखे. तुला श्वास पुरत नव्हता. भाऊजींनी गाडी काढली. वाटेत तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवलंस, असं तू लहानपणीही कधी केलं नव्हतंस.

आयसीयूतल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला बाहेर बोलावलं. तुझ्या थुंकीत कृमी सापडले होते. काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली, जिवंत, वळवळणारे. केसाहून बारीक. ओल्या मातीतून अनवाणी तळव्यातून आत शिरतात, आतड्यात घर करतात आणि माणसाच्या आतच पिढ्यान् पिढ्या वाढत वीस-तीस वर्षं काढतात. शाळेत वाटतात त्या जंताच्या गोळीला ते दाद देत नाहीत. धडधाकट माणसाला फार तर खाज सुटते, कारण शरीर त्यांना दाबून ठेवतं. किमोनं, आणि त्याहून जास्त त्या पांढऱ्या गोळ्यांनी, तो पहारा उठतो. मग ते लाखोंनी वाढतात, आतडं भेदून फुप्फुसात जातात, सगळीकडं जातात, आणि आतड्यातली घाण रक्तात नेतात. औषध आहे, डॉक्टर म्हणाले, साध्या गोळ्यांचं. आम्ही दिलं आहे. पण उशीर झाला आहे.

त्यांनी मला अनवाणी चालण्याबद्दल काही विचारलं नाही. आता विचारायची गरज नव्हती.

तुझ्या शेवटच्या शुद्धीतलं एक मला कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुलाच सांगते. नर्सनं तुझ्यावर वाकून विचारलं, "काका, दुखतंय का?" तोंडावर मास्क होता. तू माझ्याकडं पाहिलंस. सवयीनं. ताई सांगेल म्हणून. आणि मला माहीत नव्हतं, गजू. तुला कुठं दुखतंय, किती दुखतंय, काहीच माहीत नव्हतं. जन्मभर तुझी उत्तरं देणारी मी तिथं तोंड उघडून नुसती उभी राहिले.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, त्या मातीत वावरलेल्या घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. "कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल तर थांबूच नका. दम्यासाठी, सांध्यांसाठी, कशासाठीही."

मायला दमा आहे. थंडी पडली की गावचा डॉक्टर तिला गोळ्या देतो. पांढऱ्या. दर हिवाळ्यात ती म्हणते, या गोळ्यांनी माया जीव वाचते.

आणि तरी मी तेरवीपर्यंत गप्प राहिले. तपासायला चल म्हटलं की ती काहून विचारणार. काहून सांगितलं की तुझं सांगावं लागणार, आणि तुझं सांगितलं की माझं. मी रोज तिच्या खोकल्यावर कान ठेवून होते. रोज सकाळी ठरवायची, आज. रोज कोणीतरी भेटायला यायचं आणि मला बरं वाटायचं. भ्याडपणा किती सहज अंगवळणी पडतो! आंघोळीला गेले की स्वतःची कमर आरशात पाहायची, रेघ आहे का. माझ्याही तळव्यांनी तीच माती तुडवली आहे. पोटात जरा गुरगुरलं की अंगाला घाम फुटायचा. आपल्याच पोटाला भ्यायचं म्हणजे काय, हे मी तुला सांगू शकत नाही. तुला ते सांगायची गरजही नाही.

तेरवीचे पाहुणे गेले. दिवे लागायच्या वेळेला माय ओसरीवर बसली आणि तिला खोकल्याची उबळ आली. उठून तिनं कोनाड्यातून गोळ्यांची पट्टी काढली. मी जाऊन तिचा हात धरला.

"नोको घेऊ, माय."

"काहून वं?"

मग मी सांगितलं. ओसरीच्या पायरीवर, पायांत तेच बूट घालून. मॅडमनी काय विचारलं, मी काय सांगितलं. रेघेचं नंतर कळलं तेही सांगितलं, आणि कळूनही बोलले नाही तेही. ती पट्टी हातात धरून ऐकत होती.

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

"काय मालूम आहे?"

"गजूचा फोन आल्ता त्याच दिवशी सांजेले. हासत होता. म्हणे, माय, ताईनं डॉक्टरीनले सांगतलं का मी बूट घालतो. आता घरी आलो का घालाच लागते. ताई खोटी नाई पडली पाह्यजे. म्हणे त्याच्यातले पाने काढून ठेवजो."

ती उठली, आत गेली आणि खाटेखालून तुझे गमबूट घेऊन आली. धुतलेले, पुसलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे भरलेले.

मला वाटलं होतं माय मला मारेल, शाप देईल, घराबाहेर काढेल. त्या सगळ्याची मी तयारी केली होती. बुटांची केली नव्हती. मी ते मांडीवर घेतले आणि ओरडून रडले, गजू. तू मला खोटं ठरवायला तयार नव्हतास. त्यापेक्षा तू आंधळा व्हायला तयार होतास.

काल मायला घेऊन मी त्याच दवाखान्यात गेले. उपाशीपोटी या म्हटलं होतं. तीच खोली, तीच खुर्ची. मॅडमनी मायच्या गोळ्यांची पट्टी पाहिली, मान हलवली, आणि नवी फाइल उघडून तोच प्रश्न विचारला. "आजी, शेतात अनवाणी चालता का?"

माझं तोंड उघडलं होतं. मी ते ओढणीनं दाबून धरलं.

"हाव," माय म्हणाली. "जलमभर. आन् रेघबी निंगते. हे इथं, कमरेपाशी. इलेबी इचारा, हेबी तेथंच वाढली."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हो. मीही अनवाणीच. आणि मॅडम, माझा भाऊसुद्धा. तुमच्या फाइलमध्ये नाही लिहिलं आहे, ते मी सांगितलं होतं. गजू अनवाणी चालायचा. रोज. त्याला रेघ उठायची, तेही मला दुसऱ्या वेळी यायच्या आधी माहीत होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता त्या बोलतील, आणि त्यांनी बोलावं असंच मला वाटत होतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "मी एकदा त्यांनाच विचारायला हवं होतं."

रक्त घेतलं, शौचाच्या नमुन्यासाठी डबी दिली. रिपोर्ट यायला वेळ लागेल, पण मायला दम्याची ती पांढरी गोळी कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून औषध आजच घ्या म्हणाल्या. दम्याचं त्या त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवणार आहेत. नर्सनं दोन कागदी पुड्या आणून टेबलावर ठेवल्या. मायनं तिची उघडली. तळहातावर गोळ्या घेऊन पाहत राहिली. अगदी साध्या, लहान गोळ्या.

"हेच औषध गजूले लागत होतं?" तिनं मॅडमना विचारलं.

"हो, आजी."

"मंग हे आंधी भेटलं असतं तं वाचला असता का तो?"

मॅडम म्हणाल्या, "नक्की असं सांगता..." आणि थांबल्या. माय त्यांच्याकडं पाहत होती. प्रश्न त्यांना होता. पण हे उत्तर त्यांचं नव्हतं, आणि त्या खोलीत माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचंही नव्हतं. असं भय मला तुझ्या चितेपुढंही वाटलं नव्हतं.

"हो, माय," मी म्हटलं. "बहुतेक वाचला असता."

मायनं मान हलवली. गोळ्या तोंडात टाकल्या आणि पेलाभर पाणी पिऊन तोंड पुसलं. मग दुसरी पुडी उघडली, माझा हात ओढला, गोळ्या माझ्या तळव्यावर ठेवल्या आणि माझी बोटं मिटवली.

"घे," म्हणाली.

मी घेतल्या, गजू.